‘सावध राहा’ एवढे सांगून जबाबदारी संपत नाही

केंद्रीय गृह खात्याने जुलै २०२५ मध्ये लोकसभेपुढे जी आकडेवारी ठेवली, तिच्यानुसार २०२४ या एका वर्षात सायबर ठगांनी देशातील नागरिकांचे सुमारे २२,८४५ कोटी रुपये लुबाडले. २०२३ मध्ये हाच आकडा सुमारे ७,४६५ कोटी होता. एका वर्षात लूट तिपटीवर गेली. अशा लुटीत सर्वात खोल घाव बसतो तो ज्याची आयुष्यभराची पुंजी एकाच खात्यात असते त्याला : निवृत्त शिक्षकाला, भविष्यनिर्वाह निधीवर विसंबलेल्या कामगाराला, नोकरीच्या शोधात वणवण करणाऱ्या तरुणाला.

या संकटावर राज्यकर्ते आणि बँका यांच्याजवळ एक ठरीव उत्तर आहे : नागरिकांनी सावध राहावे. हा उपदेश खोटा नाही. सावधगिरी हवीच, आणि ती कशी बाळगावी हे प्रत्येकाने शिकून घेतले पाहिजे. प्रश्न असा आहे की, सावध राहण्याचे सारे ओझे एकट्या फसलेल्या माणसाच्या शिरावर टाकून बाकीच्यांना मोकळे सोडता येईल काय?

सापळा कसा रचला जातो

ठगांचा ईमेल भीती किंवा आशा या दोन भावनांवर उभा असतो. ‘आज रात्री वीज तोडली जाईल’, ‘हयातीचा दाखला न भरल्यास निवृत्तिवेतन थांबेल’, ‘प्राप्तिकराचा परतावा मंजूर झाला आहे’, अशी त्याची भाषा असते. त्यात घाई असते, कारण विचार करण्यास दहा मिनिटे मिळाली तर सावज निसटते.

पाकिटावर पाठवणाऱ्याच्या जागी कोणीही कोणाचेही नाव लिहू शकतो. ईमेलचेही तसेच आहे. वर बँकेचे नाव दिसले म्हणून पत्र बँकेचे ठरत नाही. लिंकच्या पत्त्यात बँकेचे नाव सुरुवातीला कोठेही घुसवता येते. खरा मालक कळतो तो पहिल्या तिरप्या रेघेच्या लगेच आधीच्या शब्दांवरून. याच कारणाने रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये सर्व बँकांना आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटाच्या पत्त्यावर नेण्याचा आदेश दिला. पत्त्याशेजारी कुलपाचे चिन्ह दिसले म्हणजे स्थळ प्रामाणिक आहे, हा समजही चुकीचा आहे. मधल्या वाटेत मजकूर कोणी वाचू शकत नाही, एवढाच त्या कुलपाचा अर्थ. पलीकडे चोर बसला असेल तर मजकूर सुरक्षितपणे चोराच्याच हाती पडतो.

असल्या पत्रांना अडाणी माणसेच फसतात, असे मानणाऱ्यांनी बांगलादेशाच्या मध्यवर्ती बँकेचे उदाहरण ध्यानात घ्यावे. फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यूयॉर्क येथील तिच्या खात्यातून निघालेले ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपाइन्समध्ये पोहोचले आणि तेथील जुगारघरांतून नाहीसे झाले. अमेरिकन तपासयंत्रणेने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या आरोपांनुसार या दरोड्याची पूर्वतयारी नोकरीसाठी केलेल्या अर्जाच्या साध्या ईमेलांनी झाली होती. मध्यवर्ती बँकेचे प्रशिक्षित कर्मचारी जेथे चकले, तेथे सत्तर वर्षांच्या निवृत्त कारकुनाला ‘एवढेही कळले नाही?’ असे विचारणे हा निव्वळ उद्दामपणा आहे.

‘डिजिटल अटक’ : कायद्यात नसलेली कैद

याच सापळ्याचे अधिक क्रूर रूप म्हणजे तथाकथित ‘डिजिटल अटक’. व्हिडिओ कॉलवर खाकी गणवेश दिसतो, मागे पोलीस ठाण्याचा देखावा असतो, न्यायालयाचा बनावट आदेश दाखवला जातो, आणि माणसाला तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस, स्वतःच्याच घरात कोंडून ठेवले जाते. हरियाणातील अंबाला येथील एका वृद्ध दांपत्याकडून सप्टेंबर २०२५ मध्ये अशाच रीतीने एक कोटीहून अधिक रक्कम उकळण्यात आली. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचेच खोटे आदेश वापरले गेले. त्या न्यायालयाने ऑक्टोबरमध्ये प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली आणि १ डिसेंबर २०२५ रोजी देशभरातील ‘डिजिटल अटके’च्या प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला.

व्हिडिओ कॉलवरून अटक करण्याची तरतूद भारताच्या कोणत्याही कायद्यात नाही. चौकशीसाठी ‘तपासणी खात्यात’ पैसे भरायला लावणारा अधिकारी या देशात अस्तित्वातच नाही. हे एक वाक्य घराघरात पोहोचले तरी कित्येकांची पुंजी वाचेल. मात्र ही भीती उपजते कोठून, याचाही विचार झाला पाहिजे. पोलीस ठाण्याची पायरी चढण्याच्या कल्पनेनेच सामान्य माणसाचा थरकाप उडतो. कायदा आपल्या बाजूने उभा राहील, असा विश्वास त्याला वाटत नाही. ठगांनी ही भीती निर्माण केलेली नाही. ती त्यांना आयती मिळाली आहे.

पैसा जातो कोठे?

लुटलेला पैसा हवेत विरत नाही. तो एका बँकेतील खात्यातून दुसऱ्या बँकेतील खात्यात जातो, काही मिनिटांत दहा-वीस खात्यांत वाटला जातो, आणि मग रोकड किंवा आभासी चलन बनून दिसेनासा होतो. ही भाड्याची खाती कोणत्या ना कोणत्या बँकेनेच उघडलेली असतात. पत्ता बदलायला गेलेल्या मजुराला जी बँक तीन-तीन हेलपाटे घालायला लावते, किमान शिल्लक नसली की ज्या बँकेचा संगणक क्षणार्धात दंड कापतो, त्याच बँकेला एखाद्या विद्यार्थ्याच्या रिकाम्या खात्यातून एका रात्रीत वाहून गेलेले लाखो रुपये दिसत नाहीत! संशयास्पद खाती हुडकण्यासाठी आधुनिक यंत्रणा का वापरली जात नाही, अशी विचारणा सर्वोच्च न्यायालयाने रिझर्व्ह बँकेकडे केली, आणि अशा खात्यांमागील बँक अधिकाऱ्यांची भूमिका तपासण्याची सीबीआयला मोकळीक दिली. त्यातून बरेच काही उघड होते.

दुसऱ्या टोकाला असतो तो फोन करणारा हात. तोही अनेकदा गुलामाचा असतो. म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख लोकांना अशा फसवणुकीच्या कामाला जबरदस्तीने जुंपले असावे, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये मांडला. थायलंडमध्ये चांगल्या पगाराची नोकरी, असे आमिष दाखवून नेलेल्या तरुणांना सीमेपलीकडे म्यावाडी भागातील तळांवर डांबण्यात आले. पारपत्रे काढून घेतली गेली, नकार देणाऱ्यांना मारहाण झाली. मार्च २०२५ मध्ये भारताने हवाई दलाच्या विमानांतून असे ५४९ नागरिक परत आणले. बेकारीने एका तरुणाला तेथे ढकलले आणि त्याच्याच हातून दुसऱ्या कोणा श्रमिकाची बचत लुटवली. सूत्रधार मात्र दोघांच्याही नजरेआड राहिले.

जबाबदारी कोणाची?

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकाने एक तत्त्व मान्य केले होते : दोष बँकेचा वा ग्राहकाचा नसून अन्यत्र असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर नुकसानीचा भार नाही. परंतु ग्राहकाने स्वतःच गुप्त माहिती दिली असेल, तर तक्रार करेपर्यंतचे सारे नुकसान त्याच्याच माथी. आजची फसवणूक माणसाच्या हातूनच कळ दाबून घेते; म्हणजे ज्याला संरक्षणाची सर्वाधिक गरज, तोच संरक्षणाबाहेर राहिला.

याहून वेगळे काही शक्य नाही, असे नाही. ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून, फसवून पैसे पाठवायला लावलेल्या ग्राहकाला ८५ हजार पौंडांपर्यंतची भरपाई देणे बंधनकारक झाले. तिचा निम्मा भार पैसे पाठवणाऱ्या बँकेवर आणि निम्मा पैसे स्वीकारणाऱ्या बँकेवर टाकण्यात आला. सिंगापूरने १६ डिसेंबर २०२४ पासून बँकांबरोबर दूरसंचार कंपन्यांनाही उत्तरदायी ठरवले. ज्याच्या खिशाला झळ बसते तोच दाराला कडी लावतो, हा साधा व्यवहार या नियमांमागे आहे. ब्रिटन आणि सिंगापूर हे भांडवलशाहीचेच बालेकिल्ले. तेथील बँका हा भार सोसू शकतात, तर भारतातील बँकांना तो का झेपू नये?

करायचे काय?

नियम बदलेपर्यंत प्रत्येकाने काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. आलेल्या लिंकवरून बँकेत कधीही जाऊ नये. पत्ता स्वतः लिहावा. पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन लागत नाही. तो मागितला गेला की पैसे जाणार, हे निश्चित समजावे. व्हॉट्सॲपवर आलेली ‘एपीके’ फाईल, मग ती लग्नपत्रिका म्हणून आलेली का असेना, उघडू नये. ईमेलचा पासवर्ड अन्यत्र वापरू नये आणि दुहेरी पडताळणी सुरू करावी, कारण ईमेल ज्याच्या हाती गेला त्याच्या हाती बाकीच्या खात्यांच्या किल्ल्याही जातात. आपले खाते कोणालाही भाड्याने देऊ नये. फसवणूक झालीच तर तत्काळ १९३० या क्रमांकावर आणि बँकेला कळवावे; पैसा पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वीचा वेळच मोलाचा असतो.

परंतु एकटा माणूस एकट्या भीतीशी फार काळ झुंजू शकत नाही. फसलेला माणूस लाजेने गप्प बसतो आणि त्याच्या मौनावर ठगांचा धंदा पोसला जातो. म्हणून कामगार संघटनांच्या कचेऱ्यांत, निवृत्तांच्या सभांत, बचत गटांच्या बैठकांत या विषयाची उघड चर्चा झाली पाहिजे. संशयास्पद पत्र आले की ते आधी शेजाऱ्याला दाखवण्याची रीत पडली पाहिजे. त्याच सभांमधून एक मागणीही ठामपणे पुढे आली पाहिजे : ठगाचे खाते ज्या बँकेने उघडले, तिने लुटीच्या भरपाईत आपला वाटा उचलावा. नागरिक सावध राहतील. बँकांनाही सावध राहणे भाग पडले पाहिजे.