एका मिनिटाचा चित्रपट

हल्लीं बहुतेक घरांतून मोबाईल फोन आला आहे, व त्याबरोबर कॅमेराही. त्यामुळें आपणही चित्रपट काढावा अशी हौस विद्यार्थीवर्गांत उत्पन्न झाली असल्यास नवल नाहीं. कित्येक पालकांस ही हौस म्हणजे निव्वळ कालापव्यय वाटतो. उलटपक्षीं, पुष्कळ नट, उंची पोशाख व पैसा हाताशीं असल्यावांचून चित्रपट होणेंच शक्य नाहीं, असें कित्येक विद्यार्थ्यांस वाटतें. हीं दोन्ही मतें आम्हांस सारखींच चुकीचीं वाटतात.

कै. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट १९१३ सालीं मुंबईंत प्रदर्शित झाला, हें सर्वश्रुत आहे. परंतु तत्पूर्वीं, १९१२ सालीं, त्यांनीं एक चिमुकला चित्रपट तयार केला होता. त्यांत राजा नव्हता कीं राणी नव्हती. कुंडींत पेरलेला वाटाणा रुजतो, अंकुर वर येतो व वाढूं लागतो, एवढेंच त्यांत होतें. कुंडीसमोर कॅमेरा ठेवून त्यांनीं महिन्याहून अधिक काळ नेमानें चित्रण केलें, आणि तो सर्व काळ पडद्यावर सुमारें एका मिनिटांत उलगडला. पुढें मोठ्या चित्रपटास भांडवल मिळविण्याच्या कामीं ह्याच इवल्याशा चित्रानें त्यांस हात दिला.

एका मिनिटास किती श्रम पडतात, याचा हिशेब विद्यार्थ्यांनीं अवश्य करून पाहावा. सेकंदास २४ चित्रें ह्या आजच्या रूढ गतीनें मिनिटास १,४४० चित्रें लागतात. तीस दिवस चित्रण करावयाचें तर दररोज ४८. म्हणजे दिवसाच्या बारा तासांत दर पाव तासास एक. दररोज एकच चित्र घेतल्यास महिन्याचे श्रम सव्वा सेकंदांत संपतील! मध्येंच कुंडी हालली अथवा कॅमेरा सरकला, कीं पडद्यावर रोप उडी मारतें. असें काम ज्यानें एकदां तडीस नेलें, त्यास धीर, नियमितपणा व नेटकेपणा यांवर निराळें व्याख्यान देण्याची गरज उरत नाहीं.

फाळके यांच्या वेळीं फीत विकत घ्यावी लागे; म्हणून कळ फिरविण्यापूर्वीं विचार करणें भाग पडे. आज चित्रणास खर्च नाहीं, म्हणून विचारही नाहीं. तासच्या तास चित्रण होतें आणि त्यांतून सांगण्यासारखें कांहींच निघत नाहीं. यास उपाय एकच: आपण होऊन मर्यादा घालून घेणें.

पालक विचारतील, “अभ्यासाचें काय?” प्रश्न रास्त आहे. परंतु चित्रपट पाहात बसणें निराळें व तो घडविणें निराळें. फाळके यांच्या कोऱ्या फितीस छिद्रें पाडण्याचें किचकट काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करीत. घरच्या माणसांचा असा हातभार लाभला म्हणूनच तो उद्योग उभा राहिला, हें पालकांनीं ध्यानांत घ्यावें.

तेव्हां येत्या सुटींत चार-पांच मित्रांनीं मिळून एकच विषय निवडावा. कुंभाराच्या चाकावर घडणारें मडकें किंवा अंगणांत उमलणारें फूल पुरेसें आहे. काय दाखवावयाचें तें आधीं कागदावर लिहावें, कामें वाटून घ्यावीं, आणि एका मिनिटापुढें जाऊं नये. चित्र लहान असलें तरी चालेल. तें अर्धवट मात्र राहूं नये.