स्पायडरमॅनला घराबाहेर काढू नका



गेल्या दशलक्षण पर्वात मी नांदेडहून लेकीकडे लातूरला गेले होते. मंदिरातून परतताना नातवाच्या हातातलं स्पायडरमॅनचं अर्धवट रंगवलेलं चित्र बघून एक ताई थांबल्या. म्हणाल्या, "श्रावकाच्या घरात हे मारामारीचं चित्र? त्यापेक्षा भगवंतांचं द्या रंगवायला!" लेक ओशाळली. घरी येऊन तिने सगळी चित्रं माळ्यावर टाकली आणि चार वर्षांच्या पोरापुढे 'अ आ' गिरवायची वही ठेवली. पेन्सिल मुठीत आवळलेली. दोन ओळींत हात दुखायला लागला, डोळ्यांत पाणी आलं.

ताईंचा हेतू चांगला होता. मंदिराच्या पायरीवर वाद नको म्हणून मी गप्प बसले. पण मला ते मुळीच पटलं नाही, आणि का पटलं नाही ते आज लिहिते.

आधी हाताचं बघू. आपल्या मनगटात ८ छोटी हाडं असतात. बाळ जन्मतं तेव्हा तिथे नुसती कूर्चा असते. ती सगळी हाडं तयार व्हायला दहा-बारा वर्षं लागतात. मूल आधी खडू मुठीत धरतं, मग सगळ्या बोटांनी, आणि पाच-सहा वर्षांचं होईतो अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांच्यात धरायला शिकतं. साधारण तिसऱ्या वर्षी त्याला गोल काढता येतो, चौथ्या-पाचव्या वर्षी चौकोन, आणि त्रिकोण त्याच्याही नंतर. ज्या हाताला अजून त्रिकोण जमत नाही, त्याच्याकडे आपण 'ज्ञ' आणि 'क्ष' मागतो!

रंगवताना हाच हात तयार होतो. खडू किती दाबायचा, मनगट कसं वळवायचं, रेघ आली की कुठे थांबायचं, हे सगळं त्यात आलं. पण मुलाने बसायला तर हवं! हत्तीचं चित्र दोन मिनिटांत टाकून देणारा माझा नातू स्पायडरमॅनच्या मुखवट्यावर वीस मिनिटं बसतो. त्या जाळीच्या एकेका घरात लाल रंग भरायचा तर दंड हलवून चालत नाही, बोटंच हलवावी लागतात. आणि डोळ्यांचे दोन पांढरे भाग कोरे सोडायचे, म्हणजे हात आवरायचा.

आता भगवंतांच्या चित्राचं. मैत्रिणींनो, चार वर्षांचं मूल चित्र कसं रंगवतं ते आठवा. तोंडावर काळा खडू फिरवतं, कागदावर पाय देतं, कंटाळलं की चुरगाळतं. संध्याकाळी तो कागद केरात नाही तर रद्दीत जातो. तीर्थंकरांच्या चित्राचा असा अविनय तुम्हाला चालेल? मला चालणार नाही. मग आपण मुलावर ओरडणार, "भगवंतांना असं करतात का?" आणि त्याच्या मनात धर्म म्हणजे ओरडा, एवढंच राहणार. स्पायडरमॅनचा कागद फाटला तर कुणाला पाप लागत नाही. फारच वाटलं तर लांछनं द्या रंगवायला: बैल, हत्ती, घोडा, माकड, सिंह. पाठशाळेच्या बायांनी हे मनावर घ्यावं.

राहिला हिंसेचा प्रश्न. तो खरा आहे, मी नाकारत नाही. पण कागदावरचा स्पायडरमॅन कुणाला मारत नाही, तो नुसता उभा असतो. मारतो तो पडद्यावरचा. चित्रं माळ्यावर टाकून जेवताना त्याच पोराच्या हातात मोबाईल देणाऱ्या घरांनी हिंसेबद्दल बोलू नये. आपली मुलं १९९७ पासून दर आठवड्याला शक्तिमान बघत मोठी झाली. त्यातली किती गुंड निघाली?

दुसरा आक्षेप आपल्या लातूर-नांदेडचा खास: "रंगवण्यात वेळ कशाला घालवायचा?" लातूर पॅटर्नचा मलाही अभिमान आहे, पण तो दहावी-बारावीचा आहे. त्याला नर्सरीत आणू नका. एनसीईआरटीने ऑक्टोबर २०२२ मध्ये ३ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी जो आराखडा काढला, तोही खेळातूनच शिकवा म्हणतो. आणि आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. बिया, खडे, पानं, शिंपले, जे गावात मिळेल त्यातून त्यांनी मुलांना शिकवलं.

मी वाणिज्य पदवीधर, हिशेब दोन्ही बाजूंनी मांडते. नुसत्या रंगवण्याने काम भागत नाही. कोरा कागदही द्या. खडू मुद्दाम मोडून बोटाच्या पेराएवढा द्या, म्हणजे तो मुठीत धरताच येत नाही. कागद भिंतीला चिकटवा, मनगटाला बळ येतं. आणि स्वयंपाकघरात घ्या त्याला. कणकेचा गोळा द्या, थंडीत तुरीच्या ओल्या शेंगा सोलू द्या, धान्य निवडायला शेजारी बसवा. दाण्यात किडा दिसला तर तो चिमटीत न चिरडता कागदावर अलगद घेऊन बाहेर सोडायला शिकवा. बोटांचा असा व्यायाम कुठल्या किटमध्ये मिळतो? आणि जीवदया वेगळी शिकवावी लागत नाही.

त्या रात्री मी चित्रं माळ्यावरून काढली. लेक म्हणाली, "आई, ताई परत काही बोलल्या तर?" म्हटलं, "माझं नाव सांग."

नातू रंगवत होता आणि मी त्याला बाहुबलींची गोष्ट सांगत होते. मल्लयुद्धात त्यांनी भरताला उचलून खांद्यावर घेतलं. आपटायची ताकद होती, तरी आपटलं नाही, अलगद खाली ठेवलं. नातवाने विचारलं, "आजी, ते स्पायडरमॅनपेक्षा स्ट्राँग होते?"

"हो रे," म्हटलं, "त्यांना थांबता येत होतं."

तो पुन्हा रंगवायला लागला. डोळ्याच्या पांढऱ्या भागाशी आल्यावर त्याने खडू उचलला.