घरच्या संगणकातील मराठी दप्तर

नाशिकच्या मध्यमवर्गीय घरांत संगणक आला, त्यासही आता दोन-तीन दशके लोटली. आणि या अवधीत सोसायटीची इतिवृत्ते, वडिलांच्या आठवणी, कुळाचा वृत्तान्त, वाटणीपत्राचे मसुदे असे जे मराठी दप्तर त्यात साठत गेले, ते नव्या यंत्रावर उघडताच रोमन अक्षरांची अर्थहीन रास पडद्यावर उमटते, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांनी घरगुती संगणकास उपयुक्त अशा साधनांत फाँट कन्व्हर्टरला अग्रस्थान द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

युनिकोडने १९९१ सालीच देवनागरीला स्वतंत्र स्थान दिले होते. परंतु आपल्या छापखान्यांत आणि कचेऱ्यांत त्यानंतरही दीर्घकाळ अंमल चालला तो जुन्या फाँटांचा, ज्यांत रूप तेवढे देवनागरीचे असते आणि साठवण मात्र रोमन वर्णांची होते. कृतिदेव फाँटात टंकलेला ‘मराठी’ हा शब्द संगणकाच्या लेखी ई, जे, के, बी, एच या पाच अक्षरांपलीकडे काहीच नाही; फाँट गेला की शब्दही गेला, आणि तो शोधू म्हटले तरी सापडत नाही. कन्व्हर्टर अशा मजकुराची युनिकोडात अदलाबदल क्षणार्धात करतो, पण ती डोळे मिटून स्वीकारण्याजोगी नसते. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी व रफार अक्षरानंतर टंकला जाई, तर युनिकोडात हा क्रम नेमका उलट. म्हणून ‘धर्म’, ‘स्थिती’, ‘तऱ्हा’ असे शब्द मुळाबरहुकूम उतरले आहेत की नाहीत, हे ओळीओळीने ताडून पाहावे, आणि मूळ फाइलची नक्कल आधी वेगळी ठेवल्यावाचून या कामास हातच घालू नये.

असे कन्व्हर्टर संकेतस्थळांवर विनामूल्य मिळतात. तथापि मिळकतीचे कागद किंवा खासगी पत्रे कोणत्याही परक्या पानावर चिकटवणे मला सर्वथा अनुचित वाटते. पान उघडल्यावर इंटरनेट बंद करून पाहावे. तरीही मजकूर बदलून मिळाला, तर काम आपल्याच यंत्रात होत आहे असे समजावे, आणि पान मिटल्यावरच जोडणी पुन्हा सुरू करावी. नवे लेखन मात्र प्रथमपासून युनिकोडातच व्हावे. त्यासाठी लागणारा इनस्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्ये मूळचाच असतो, आणि लिबरऑफिस विनाशुल्क मिळते. छापील जुन्या कागदांसाठी टेसरॅक्ट हे मुक्त साधन मराठी अक्षरे ओळखते, मात्र पुसट छपाईपुढे त्याची मती कुंठित होते.

हे सारे एकट्या वृद्ध गृहस्थाने घरी बसून करावे, अशी अपेक्षा अन्यायाची होईल. १८४० पासून ग्रंथसंग्रह जतन करणारे सार्वजनिक वाचनालय आणि १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ ज्या नगरीत आहे, आणि कुसुमाग्रजांचे दीर्घ वास्तव्य जिथे घडले, तिथे त्यांच्या जन्मदिनी, २७ फेब्रुवारीस, मराठीचा गौरव करताना एक कायमचे मेज मांडण्याची तजवीज या दोन संस्थांनी करावी: नागरिकांनी आपल्या जुन्या फाइली पेनड्राइव्हवर आणाव्यात, जाणत्या विद्यार्थ्यांनी त्या तिथल्या तिथे, इंटरनेटविना बदलून द्याव्यात, आणि रफार-वेलांट्या तपासण्यासाठी मूळ लेखकालाच शेजारी बसवून घ्यावे.