प्योंगयांगची भेट, केसाँगचे कुलूप आणि एक सोयीस्कर वाक्य

#थ्रेड

१/ जून २००० मधील प्योंगयांग भेटीचा विषय निघाला, की एक वाक्य हमखास कानी पडते: ‘दक्षिण कोरियाने पैसा दिला आणि उत्तर कोरियाने त्याचा अणुबॉम्ब केला.’ वाक्य सुटसुटीत आहे, म्हणूनच ते खपते. इतिहासाच्या कसोटीला मात्र ते उतरत नाही. शिवाय या प्रकरणातील खरा दोष ते झाकून टाकते.

२/ आधी घटना. १३ जून २००० रोजी दक्षिण कोरियाचे अध्यक्ष किम दे-जुंग प्योंगयांगच्या विमानतळावर उतरले. फाळणीनंतर दोन्ही कोरियांच्या प्रमुखांची ही पहिलीच भेट. किम जोंग-इल स्वतः स्वागताला आले आणि दोघे एकाच मोटारीतून शहरात गेले. १५ जूनच्या संयुक्त घोषणापत्रात ताटातूट झालेल्या कुटुंबांच्या भेटी होत्या आणि आर्थिक सहकार्यही होते. त्याच वर्षी किम दे-जुंग यांना शांततेचे नोबेल मिळाले.

३/ त्यांना भाबडे ठरवणाऱ्यांनी त्यांचे चरित्र चाळावे. १९७३ मध्ये त्यांच्याच देशाच्या गुप्तहेरांनी त्यांना टोकियोतून पळवून नेले होते. १९८० मध्ये लष्करी राजवटीने त्यांना फाशीची शिक्षा सुनावली होती. हुकूमशाही म्हणजे काय, हे या गृहस्थांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

४/ भेटीची वाट मात्र एका व्यापाऱ्याने आधीच मळवली होती. ह्युंदाईचे संस्थापक चुंग जू-युंग यांचा जन्म आजच्या उत्तर कोरियातला. वडिलांनी गाय विकून आणलेले पैसे उचलून ते तरुणपणी घरातून पळाले होते. जून १९९८ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, ते ट्रकांत ५०० गुरे घालून पानमुनजोमची सीमा ओलांडून गेले. ऑक्टोबरमध्ये आणखी ५०१ नेली. एका गाईचे कर्ज हजार गुरांनी फेडले, असे सांगतात. कर्जफेड खरीच, पण सोबत धंद्याचीही पेरणी होती: नोव्हेंबरमध्ये कुमगांग पर्वताकडे दक्षिणेतील पर्यटकांची जहाजे निघू लागली.

५/ आता बॉम्बचा हिशेब. योंगब्योनची अणुभट्टी १९८६ मध्ये सुरू झाली. अण्वस्त्र प्रसारबंदी करारातून बाहेर पडण्याची घोषणा उत्तर कोरियाने मार्च १९९३ मध्ये केली. १९९४ मध्ये अमेरिका हवाई हल्ल्याचा गंभीरपणे विचार करत होती. किम दे-जुंग सत्तेवर आले फेब्रुवारी १९९८ मध्ये. उत्तरेच्या तिजोरीत गेलेला डॉलर पुढे कोणत्या कामी आला हे सांगता येत नाही, ही हरकत रास्त आहे. पण बारा वर्षे आधी पेटलेल्या भट्टीचे कारण म्हणून नंतरच्या भेटीकडे बोट दाखवणे, ही कालगणनेची थट्टा झाली.

६/ मग दोष कोठे? भेटीपूर्वी ह्युंदाईमार्फत सुमारे ४५ कोटी डॉलर गुपचूप उत्तरेला गेले. विशेष सरकारी वकिलाच्या २००३ मधील चौकशीनुसार त्यांपैकी १० कोटी खुद्द सरकारचे होते. संसदेला पत्ता नव्हता, मतदाराला तर नव्हताच. फेब्रुवारी २००३ मध्ये किम दे-जुंग यांना दूरचित्रवाणीवरून देशाची क्षमा मागावी लागली. खटला चालू असतानाच ह्युंदाईचे चुंग मोंग-हुन, म्हणजे चुंग जू-युंग यांचे पुत्र, यांनी ४ ऑगस्ट २००३ रोजी आत्महत्या केली.

७/ शत्रूला पैसे देणे हा गुन्हा ठरेलच असे नाही. फुटलेला देश सांधायला पैसा लागतो, हे पश्चिम जर्मनीनेही दाखवले आहे. ही रक्कम उघडपणे मागितली असती, तर कदाचित नाकारली गेली असती. पण मंजूर झाली असती, तर ती राष्ट्राची गुंतवणूक ठरली असती. लपवल्यामुळे ती एका माणसाची लाच ठरली, आणि पुढच्या प्रत्येक विरोधकाच्या हाती आयता दगड आला.

८/ एवढे होऊनही त्या भेटीतून केसाँग उभे राहिले. सीमेच्या थोडेसे उत्तरेला, दक्षिणेचे भांडवल आणि उत्तरेचे श्रम. डिसेंबर २००४ मध्ये पहिला माल बाहेर पडला, तो स्वयंपाकाच्या भांड्यांचा. पुढे सुमारे १२५ कंपन्या आणि ५० हजारांहून अधिक कामगार. मजुरी थेट कामगाराच्या हाती पडत नसे, ती उत्तरेच्या यंत्रणेकडे जाई. हा कलंक होताच. पण कारखान्यात वाटलेली चोको पाय नावाची दक्षिणेतील बिस्किटे न खाता जपून ठेवली जात आणि बाजारात विकली जात. उत्तरेच्या सामान्य घरांत दक्षिण कोरिया शिरला, तो असा.

९/ २००६ च्या अणुचाचणीने केसाँग बंद पडले नाही. मार्च २०१० मध्ये चेओनान युद्धनौका बुडून ४६ खलाशी मेले आणि दक्षिणेने बाकीचा व्यापार तोडला. केसाँग चालू राहिले. नोव्हेंबरमध्ये येओनप्योंग बेटावर तोफा डागल्या गेल्या, तरीही शिवणयंत्रे फिरत होती. एप्रिल २०१३ मध्ये मात्र उत्तरेने आपले कामगार काढून घेतले. ऑगस्टमध्ये करार झाला, की कोणत्याही परिस्थितीत हा प्रकल्प राजकारणापायी थांबवायचा नाही.

१०/ तो करार कोणी मोडला? १० फेब्रुवारी २०१६ रोजी अध्यक्ष पार्क ग्युन-हे यांच्या सरकारने. निमित्त जानेवारीतील अणुचाचणी आणि त्यानंतरचे रॉकेट. दुसऱ्याच दिवशी उत्तरेने सर्वांना हाकलले आणि मालमत्ता गोठवली. उद्योजक तयार माल मागे टाकून परतले.

११/ समर्थनार्थ एकीकरण मंत्री म्हणाले, की केसाँगच्या पैशातील ७० टक्के वाटा अण्वस्त्रांकडे वळत होता. पुरावा विचारताच ते दुसऱ्या दिवशी मागे हटले. डिसेंबर २०१७ मध्ये त्याच मंत्रालयाच्या समितीने सांगितले, की दाव्याला ठोस आधार नव्हता आणि बंदीचा निर्णय अध्यक्षांच्या तोंडी आदेशावर झाला होता. २०२२ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ही बंदी घटनेविरुद्ध नसल्याचे ठरवले. घटनाबाह्य नसलेला निर्णय शहाणपणाचा असतोच, असे मात्र कोणतेही न्यायालय सांगत नाही.

१२/ म्हणजे दार उघडले चोरून पाठवलेल्या डॉलरांनी, आणि बंद झाले एका तोंडी हुकुमाने. दोन्ही वेळा सेऊलमधील सत्ताधीशांनी आपल्याच लोकांना विचारले नाही. याला ‘शत्रूशी व्यापाराचे अपयश’ म्हणणाऱ्यांनी त्या दोन फेब्रुवारींपैकी कोणत्या फेब्रुवारीत उत्तर कोरियाने हात पिरगाळला होता, ते दाखवून द्यावे: २००३ की २०१६?

१३/ सप्टेंबर २०१८ मध्ये केसाँगमध्येच संयुक्त संपर्क कार्यालय उघडले. १६ जून २०२० रोजी, म्हणजे त्या घोषणापत्राच्या विसाव्या वर्षदिनाच्या दुसऱ्या दिवशी, उत्तर कोरियाने ते स्फोटाने उडवले. तोवर शेजारचे कारखाने चार वर्षे बंद होते.