मांजराला कच्चे मांस नकोच

मांजर पक्के मांसाहारी. मग त्याला कच्चे चिकन देणेच नैसर्गिक, असा समज अनेक घरांत दिसतो. पण रानमांजर ताजी शिकार हाडे-आतड्यांसकट खाते. घरातल्या मांजरापुढे येतात ते दुकानातल्या कोंबडीचे तुकडे. नुसत्या मांसात कॅल्शियम फारच कमी असते. शिवाय कच्च्या मांसातून साल्मोनेलासारखे जंतू मांजरालाच नव्हे, ते मांस हाताळणाऱ्या माणसांनाही गाठू शकतात.

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले; तपासणीत बर्ड फ्लू निघाला. त्याच महिन्यात अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात विकतचे कच्चे खाद्य खाल्लेले पाळीव मांजर याच रोगाने गेले. फ्रीजरमध्ये हा विषाणू तग धरतो. नीट शिजवले की मरतो.

तयार खाद्य तरी निर्दोष आहे का? तसेही नाही. त्यातील टॉरिन अपुरे पडल्याने मांजरांचे हृदय दुबळे होते, हे १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी दाखवले. कंपन्यांनी टॉरिन वाढवले आणि तो आजार विरळ झाला. चूक शोधून सुधारण्याची ही सोय घरच्या अंदाजपंचे वाटीत नसते.

म्हणून पाकिटावर ‘संपूर्ण आणि संतुलित’ असा उल्लेख असलेले, मांजराच्या वयाला साजेसे खाद्य निवडावे. घरचेच द्यायचे असेल तर शिजवून, आणि पशुवैद्यकाला विचारून. मांजराचे लाड जरूर करावेत, प्रयोग नकोत.