दवाखान्यातून सुटका, समाजातून वजाबाकी

अंगावरून वारे गेलेला माणूस दवाखान्यातून जिवंत घरी आला, यातच आपण समाधान मानतो. पण पुढे काय? हात उचलत नाही, जीभ अडखळते, म्हणून त्याला ना सभेचा निरोप, ना जयंतीच्या बैठकीचा. ‘त्यांना कशाला त्रास?’ असे म्हणत आपण जिवंत माणसाला समाजातून वजा करतो. ही दया नव्हे, बहिष्कार आहे. आणि बहिष्कार म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको!

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम ५ ने समाजात राहण्याचा हक्क दिला आहे. मेंदूला इजा होऊन कायमची गेलेली वाचाही या कायद्याने दिव्यांगत्व मानली आहे. सरकारी नोकरीत असताना दिव्यांगत्व आले तर कामावरून काढता येत नाही, असे कलम २० सांगते. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम, तेही नसेल तर अधिसंख्य पद द्यावे लागते. १९९५ च्या जुन्या कायद्याखालीही सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये कुणाल सिंग खटल्यात असेच संरक्षण दिले होते.

खरी गोम पुढेच आहे. हे संरक्षण सरकारी आस्थापनेतल्या कर्मचाऱ्याचे. ठेकेदाराकडे झाडू मारणारा, नाक्यावर उभा राहणारा आपला माणूस कोणते कलम दाखवणार? कंत्राटीकरणाने केवळ आरक्षण पोखरले नाही, आजारपणातला आधारही हिरावून घेतला.

वसई तालुक्यातल्या निर्मळहून नालासोपारा स्थानक गाठायचे तर आधी बस किंवा रिक्षा. बसची उंच पायरी चढता आली नाही की व्यायामोपचार तुटतो, दिव्यांग प्रमाणपत्राची तपासणी राहते. मोर्चा तर दूरच. सुगम्यतेचे किमान निकष ऐच्छिक नव्हे, बंधनकारक असले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतूरी प्रकरणात बजावले. त्याची अंमलबजावणी मागणे हे चळवळीचे काम नाही काय?

शासनाशी झगडा करूच. पण विहाराच्या पायऱ्यांशेजारी उतार बांधायला कोणाचा आदेश हवा? बैठक तळमजल्यावर घ्या. प्रमाणपत्रासाठी सोबत एक कार्यकर्ता द्या. अडखळत बोलणाऱ्याचे वाक्य आपण पुरे करू नका, त्याला वेळ द्या. ज्याने उमेदीची वर्षे चळवळीला दिली, त्याच्याकडे केवळ विचारपूस करायला जाऊ नका. त्याला पुढच्या बैठकीचे काम सांगायला जा.