आजार लपवणाऱ्या गावात एक मुशायरा

माझ्या खालाने छातीतली गाठ वर्षभर लपवली. सुनेलाही सांगितले नाही. "लोगां क्या बोलेंगे," एवढेच तिचे कारण. निदान झाले तेव्हा उशीर झाला होता.

ती गेल्यापासून मला एका गायकाची आठवण येते. फ्रेडी मर्क्युरी. मूळ नाव फारुख बुलसारा, घर पारशी, जन्म झांझिबारचा, शाळा मात्र आपल्या पाचगणीची, सेंट पीटर्स. तिथेच मित्रांबरोबर त्याने पहिला बँड काढला. पुढे इंग्लंडात 'क्वीन' या रॉक बँडचा गायक म्हणून जगभर गाजला. त्याला एड्स झाला आणि त्यानेही तो लपवला. 23 नोव्हेंबर 1991 रोजी आजार जाहीर केला, दुसऱ्याच दिवशी वारला.

त्याचे सोबती मात्र गप्प बसले नाहीत. 20 एप्रिल 1992 रोजी लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर त्यांनी त्याच्या नावाने मैफल केली. सुमारे 72 हजार लोक आले. ज्या आजाराचे नाव घरात घेत नव्हते, ते भर मैदानात घेतले गेले. त्यातून 'मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट' उभा राहिला. तो आजही एचआयव्हीविरोधी कामाला पैसा देतो.

कोणी म्हणेल, संशोधन हे सरकारचे काम, गाण्याच्या पैशाने काय होणार? खरे आहे. पण रुग्ण पुढेच आला नाही, तर संशोधक तरी काय करणार? मुंबईच्या टाटा मेमोरियलने झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख बायांवर वीस वर्षे अभ्यास केला. प्रशिक्षित महिला कार्यकर्त्या ठरावीक काळाने हाताने छाती तपासत, मशीन नाही. 2021 मध्ये निष्कर्ष आला: पन्नाशीपुढच्या बायांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी घटले. त्या बायांनी दार उघडले, म्हणून हे कळले. माझ्या खालाने उघडले नाही.

दुसरा आक्षेप आपल्याच घरातला. "सर, संगीतच जायज नाही, मग त्याचा पैसा कसा चालेल?" या मसल्यावर उलेमांत मतभेद आहेत, तो मी सोडवणार नाही. वाद्य नको तर मुशायरा घ्या. जकातीचे हकदार ठरलेले आहेत, तिला हात लावू नका. पण सदका आहे, वक्फ आहे. काहिऱ्यात सुलतान कलावूनने 1284 मध्ये उभारलेला दवाखाना वक्फच्या उत्पन्नावर चालत असे आणि तिथे वैद्यकही शिकवले जाई. ही वाट आपल्याला नवी नाही, आपण ती विसरलो आहोत.

उरूस आला की आपण कव्वालीला चंदा देतो, शायरांच्या प्रवासखर्चाला देतो. अंबडमध्ये वर्षातून एक रात्र आजारासाठी ठेवू या. पहिल्या शायराआधी अर्धा तास डॉक्टर बोलतील. बायांची बैठक वेगळी, तिथे लेडी डॉक्टर. जमलेल्या पैशातून गावातल्या बायांची तपासणी व्हावी, उरलेले संशोधन करणाऱ्या रुग्णालयाला जावेत. आणि पैशान् पैशाचा हिशेब पुढच्या जुम्म्याला फलकावर लागावा. आपल्याकडे चांगली कामे हिशेबाअभावीच बुडतात.

फार पैसे जमणार नाहीत, मला ठाऊक आहे. पण त्या रात्री एखादी खाला घरी जाऊन सुनेला म्हणाली, "बेटी, जरा देख तो," तरी चंदा वसूल झाला.